पायात दगड, भिंतीत वीट

शेतात घर बांधायचं ठरलं तेव्हा आईनं एकच अट घातली, भिंतीत दगड नको. खोल्या किती, किचन कुठल्या दिशेला, वर स्लॅब टाकायचा का पत्रे, ह्यातलं काहीच तिनं विचारलं नाही. तिचं माहेर तेरणा नदीच्या पलीकडं, सास्तूरच्या पट्ट्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तिच्या भावाच्या घराची भिंत आत पडली आणि मामा आणि मामाची धाकटी पोरगी त्याखाली गेली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, मिरवणुकीत नाचून दमलेली माणसं घराघरात गाढ झोपलेली. मी तेव्हा तिसरीत होतो, आमचं गाव औसा तालुक्यातलं, आमचं घर अर्धं उभं राहिलं म्हणून आम्ही आहोत.

त्यामुळं पाया कसला आणि भिंत कशाची हा प्रश्न आमच्याकडं नुसता बजेटचा नसतो. पुण्यातले मित्र ब्लॉक स्वस्त का वीट स्वस्त ह्यावर दहा मिनिटं बोलतात आणि विषय संपतो. आमच्या भागात मात्र प्रत्येकाचं मत कुणाच्या तरी जाण्याशी जोडलेलं असतं. कुणी दगडाचं नाव काढू देत नाही, कुणी भूकंपानंतर कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्येच झोपलं, आणि कुणी सिमेंट म्हणलं की डोळे झाकून विश्वास ठेवतं. ह्या सगळ्यांत मला घर बांधायचंय, आणि मला ते नीट समजून घेऊनच बांधायचंय.

आधी ते जुनं घर काय होतं ते सांगतो, कारण आता माळवद बघितलेली पोरं कमी झालीत. भिंती अडीच-तीन फूट जाड, काही वाड्यांच्या तर त्याहून जाड, काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा बांबू-काटक्या आणि त्यावर मातीचा थर. पावसाळा तोंडावर आला की गळू नये म्हणून त्यावर अजून माती टाकायची, असं वर्षानुवर्षं करत तो थर फूट-दीड फूट कधी व्हायचा कळायचंही नाही. मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री असताना आत बसलं की अंगाला गारवा लागायचा, आजोबा दुपारी त्या आतल्या खोलीत उघड्या जमिनीवर झोपायचे. ते घर मला मनापासून आवडायचं, अजूनही आवडतं, आणि त्याच घरांनी एवढी माणसं मारली हे दोन्ही खरं आहे. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा आहे. ५२ गावं अशी होती की ती जाग्यावर परत उभी केलीच नाहीत, दुसरीकडं नवीन वसवली.

भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा होता. जगात एवढे भूकंप दरवर्षी होतात, आणि नीट बांधलेल्या गावात एवढी माणसं जात नाहीत. मग आमच्याकडं का गेली? मी इंजिनिअर आहे पण सिव्हिलचा नाही, त्यामुळं हे मला वाचून, विचारून, आणि पडक्या भिंती बघून कळलं. ती जाड भिंत दिसायला एक असते पण असतात दोन. बाहेरच्या अंगाला दगडाचा एक थर, आतल्या अंगाला एक थर, आणि मधे माती आणि दगडाच्या चिपा भरलेल्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारा लांब दगड मधेमधे घालायचा असतो, तो घातलेलाच नसायचा. पावसाचं पाणी वरून मुरत जातं, मधली माती ढिली होते, बाहेरचं तोंड पोट सुटल्यागत फुगतं. जमीन हलली की दोन्ही तोंडं एकमेकांपासून सुटतात, एक अंगणात पडतं आणि एक घरात झोपलेल्या माणसांवर. वर मातीचं ते छत. साधा हिशोब करा, एक फूट मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण ५०० किलो, आणि पाच इंची आरसीसी स्लॅब ३०० किलोच्या जरा वर. म्हणजे ज्याला आपण हलकं गावठी छत समजत होतो ते स्लॅबपेक्षा जड होतं, आणि त्याला भिंतीशी बांधणारं काही नव्हतं. काही घरांत लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या, भिंती फक्त गळून पडल्या, आणि त्या खांबांमुळं खालची माणसं वाचली. आमचं घर त्यातलंच. सागवानी खांब होते आजोबांचे.

म्हणून माझं मत असं आहे आणि मी ते ठामपणे मांडतो, दगड दोषी नव्हता. दगडाला दगडाशी, भिंतीला भिंतीशी आणि भिंतीला छताशी कुणी बांधलं नव्हतं. हे त्या वेळच्या जाणकारांनीही ओळखलं होतं. रुरकीचे भूकंप-अभियंते प्रा. आनंद स्वरूप आर्य ह्यांनी मराठवाड्यातली उभी राहिलेली दगडी घरं न पाडता मजबूत कशी करायची हे लिहून दिलं. भिंतीतले काही दगड अलगद काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा मारलेली सळई ठेवायची, काँक्रीट भरायचं, झाला आरपार दगड तयार. किती स्वस्त, किती साधं. १९९३ सालीच आलेल्या भारतीय मानकात, आयएस १३८२८ मध्ये, हेच लिहिलंय की दगडी भिंत ४५० मिलीमीटर म्हणजे दीड फुटापेक्षा जाड करू नका, आणि उंचीत दर ६०० मिलीमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर आरपार दगड घाला. जाडी वाढवली की भिंत मजबूत होते ही आपल्या सगळ्यांची समजूत, आणि मानक सांगतं जाडी कमी करा. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो, कारण मामाच्या घराची भिंत गावात सगळ्यात जाड म्हणून ओळखली जायची.

आईला हे सगळं सांगून पटवायचा मी प्रयत्न केला नाही. तिला रात्री झोप लागली पाहिजे, घर त्यासाठीच बांधतोय.

पण भिंतीच्या आधी जमीन. आणि इथं मला वाटतं आजकाल आमच्याकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतंय. जुन्या माणसांनी गाव काळ्या मातीवर कधीच बसवलं नाही. पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीवर घरं, काळीवर पीक, हे इतकं ठरलेलं होतं की कुणी त्यावर चर्चाही करत नव्हतं. आता शेतात घर पाहिजे, रोडला लागून प्लॉट पाहिजे, एनए म्हणजे बिगरशेती करून लेआउट पाडले जातात, आणि ते सगळे काळीवर. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, एप्रिलमध्ये आमच्या शेतातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. बेसॉल्ट झिजून झालेल्या ह्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याच्या थरांमधे पाणी शिरतं आणि ते थर उचलले जातात, म्हणजे घर दरवर्षी वर-खाली होतं, आणि सगळीकडून सारखं होत नाही हा खरा घोळ. संडास-बाथरूमच्या बाजूला ओल राहते तिथं फुगतं, उन्हाच्या बाजूला आकसतं. माझ्या मेहुण्यानं शहराच्या कडेला प्लॉट घेऊन घर बांधलं, ठेकेदारानं साडेचार फुटांवर फुटिंग (कॉलमखालचा पाया) टाकली आणि खाली काळी माती अजून बारा फुटांपर्यंत होती. तिसऱ्या वर्षी खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा आल्या, उन्हाळ्यात दरवाजा लागत नाही आणि पावसाळ्यात उघडत नाही. भिंती चांगल्या विटेच्या आहेत. विटेचा काही संबंधच नाही त्यात.

तपासायला फार काही लागत नाही. माती वाळवून बारीक चाळायची, १० ग्रॅमचे दोन भाग करायचे, एक पाण्याच्या मोजपात्रात आणि एक रॉकेलच्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हींतला फरक बघायचा की झालं, ह्याला फ्री स्वेल म्हणतात, कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये करून मिळतं. आमच्या मातीची फुगलेली पातळी रॉकेलवाल्याच्या जवळजवळ दुप्पट आली. टाईल्स निवडायला लोक दुकानं पालथी घालतात, त्याच्या पाव वेळ ह्याला दिला तरी अर्धी घरं तडकायची थांबतील.

मग घराच्या चारी कोपऱ्यांत खड्डे घेतले. पूर्वेला पाच फुटांवर मुरूम लागला, पश्चिमेला विहिरीच्या बाजूनं सात-साडेसात फुटांवर. पहार मारली की टणकन आवाज यावा आणि वर पाणी ओतून तासभरानं बघितलं तर चिखल होऊ नये, अशी साधी पारख अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि लॅबवाल्यानंही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. काळी माती दहा-पंधरा फूट खोल असती तर अंडर-रीम्ड पाइल करावे लागले असते, रुरकीच्या सीबीआरआय ह्या बांधकाम संशोधन संस्थेनं खास अशा जमिनीसाठी काढलेली पद्धत, साडेतीन मीटरच्या आसपास खोल गोल खड्डा आणि तळाशी खांबाच्या अडीच पट रुंदीचा फुगवटा, म्हणजे वरची माती कितीही ओढो, खालचा फुगवटा घराला धरून ठेवतो. आम्हाला तेवढं लागलं नाही. सगळी काळी काढून मुरमापर्यंत चर खणायचे असं ठरलं, आणि हे काम मेच्या आत उरकायचं, कारण एकदा पाऊस पडला की काळीचे चर बाजूनं ढासळतात आणि आत माणूस असेल तर जीव जातो.

आणि मग त्या चरांत काय भरायचं हा प्रश्न आला तेव्हा अण्णा म्हणाले, बांधावरचे दगड.

भूकंपानंतर आमचं गाव नवीन जागी गेलं. ज्याला जशी जमीन तसं घर, २५० चौरस फूट, ४५० चौरस फूट, ७५० चौरस फूट, सरळ रेषेत आखलेल्या रुंद गल्ल्या, शहरातल्या कॉलनीसारख्या. वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं बांधलं, गुबाळला तर घुमटाची गोल घरं बांधली, आणि गोल भिंतीला लागून कपाट कसं ठेवायचं, कोपरा नसलेल्या घरात उतरंड कुठं रचायची हे राहणाऱ्याला कुणी विचारलं होतं का मला माहीत नाही. जुन्या गावठाणात दगडाचे ढिगारे पडून होते. अण्णांनी आमच्या घराचे घडीव दगड, जोत्याचे आणि कोपऱ्याचे, बैलगाडीनं शेतात आणून बांधाला रचून ठेवले होते. इतकी वर्षं ते तिथंच आहेत, त्यावर बसून आम्ही हुरडा खाल्लाय. मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "पायात घाल की. पायात दगडच पाहिजे. डोक्यावर नको, बास."

तर तसं झालं. मुरमावर सहा इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, त्यावर आरसीसीची पट्टी, त्या पट्टीतूनच कोपऱ्यांच्या आणि जोडांच्या उभ्या सळया वर काढलेल्या, आणि त्यावर दगडी बांधकाम सिमेंटमध्ये, खाली अडीच फूट रुंद आणि वर दीड फुटावर आणलेलं. गवंडी वयस्कर आहे, दगडाचं काम येणारे आता तेवढेच उरलेत. त्याला आरपार दगडाचं सांगितलं तर म्हणाला माझा बाप घालायचा, नंतर लोकांनी ठेका फुटावर द्यायला सुरुवात केली आणि लांब दगड घडवायला वेळ लागतो म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. माझ्या मते किल्लारीच्या अभ्यासात हे वाक्य पण यायला पाहिजे होतं. अण्णा रोज सकाळी जाऊन जुने लांब दगड वेगळे काढून खडूनं खूण करून ठेवायचे.

चरांच्या बाजूला आणि जोत्याच्या आत निघालेली काळी माती परत भरायची नाही, ही दुसरी गोष्ट जी मी कुणालाही हात जोडून सांगेन. जेसीबीवाला ती लगेच ढकलायला बघतो, फुकटात काम होतं ना. आम्ही मुरूम आणून भरला, थराथरानं पाणी मारून, धुम्मस करून. काळी सगळी शेतात पसरली, तिची जागा तीच. घराच्या भोवती चार फूट रुंद फरशी उतार देऊन, छताचं पाणी पाइपनं लांब, आणि कडुनिंब घरापासून दूर लावायचा, कारण त्याची मुळं मातीतलं पाणी ओढून तिला आणखी आकसवतात.

आता भिंत. दगड गेला, राहिले तीन, भट्टीची वीट, राखेची वीट आणि एएसी ब्लॉक, म्हणजे बारीक छिद्रांचा हलका सिमेंटचा ब्लॉक. मी खूप दिवस ब्लॉकच्याच बाजूनं होतो आणि त्याला कारणं चांगली आहेत. १० बाय १० ची भिंत धरा. जुनी अडीच फुटी दगडमातीची असेल तर १५ टनांच्या पुढं. नऊ इंची विटेची ४ टन. सहा इंची ब्लॉकची, प्लॅस्टर सोडून, एक टनाच्या आत. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो, जितकं जड तितकं जोरात, त्यामुळं हलकी भिंत हा फार मोठा फायदा आहे. शिवाय उन्हाळ्यात आत कमी तापतं. आणि तिसरं कारण फक्त आमच्याकडचं, पाणी. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं बांधकामाला पाणी मारायचं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. वीट भिजवायला पाणी, भिंतीला आठवडाभर पाणी. ब्लॉक केमिकलनं चिकटवला की त्याला पाणी मारायचं कामच नाही.

तरी बाहेरच्या भिंतींना मी वीट घेतली. ब्लॉक खांबांच्या चौकटीत भरायला चांगला, पण मला छताचं वजन भिंतीवरच घ्यायचं होतं आणि त्याला ब्लॉक दुबळा पडतो. शिवाय आमच्याकडचे मिस्त्री ब्लॉकला पण विटेसारखं पाण्यात बुडवून जाड सिमेंटमध्ये लावतात, मग तो वाळताना आकसतो आणि जोडाजोडानं केसासारख्या भेगा येतात. आणि खाली जमीन अशी फुगणारी-आकसणारी, तिथं जरा जास्त सोसणारी भिंत असावी असं मला वाटलं. राखेच्या विटा परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या मिळतात, आकाराला एकदम सरळ, पण जो माल आम्ही बघितला तो नीट पिकलेला नव्हता, कोपरे बोटानं झडत होते. चांगला माल मिळाला तर जरूर घ्या, सुपीक माती तरी भाजली जात नाही. भट्टीची वीट आम्ही निवडून घेतली. नखानं ओरखडा उठत नाही, दोन विटा आपटल्या की खणखणीत वाजतात, छातीएवढ्या उंचीवरून टाकली तर फुटत नाही, आणि एक दिवस पाण्यात ठेवून वजन केलं तर २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. आतल्या पार्टिशनला मात्र चार इंची ब्लॉक, तिथं त्याच्यासारखं काही नाही.

पण वीट का ब्लॉक ह्यापेक्षा मोठा निर्णय दुसराच होता. आपल्याकडं आधी कॉलम-बीमचा सांगाडा उभा करतात, मग त्यात वीट भरतात, आणि कॉलम आणि भिंतीच्या मधे जी फट राहते ती आयुष्यभर भेग म्हणून दिसत राहते. एक-दोन मजली घराला ह्याच्या उलट करता येतं. आधी भिंत बांधायची, कोपऱ्यांत आणि जोडांत विटेचे दाते सोडायचे, आणि मग त्या दात्यांच्या मधे काँक्रीट ओतायचं, म्हणजे काँक्रीट विटेला घट्ट धरतं. कन्फाइन्ड मेसनरी म्हणतात, चिली-पेरू-मेक्सिको अशा सतत हलणाऱ्या देशांत घरं अशी बांधतात, आपल्याकडं आयआयटी गांधीनगरचे हॉस्टेल आणि क्वार्टर ह्याच पद्धतीचे आहेत. मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "भाऊ, सगळे आधी कालम उभा करतेत, मंग वीट भरतेत, तुम्ही उलटं सांगायलाव." मग त्याला मोबाईलवर गांधीनगरचे फोटो दाखवले, सेंटरिंगच्या फळ्या कमी लागतात, दोन बाजूंना भिंतच असते, हे त्याला स्वतःलाच कळलं आणि त्यानंतर तोच बाकीच्यांना समजावून सांगायला लागला.

१९९३ मध्ये सरकारी नकाशात आमचा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोका. २००२ च्या नकाशात तो झोन तीनमध्ये आला. हे मी सगळ्या पाहुण्यांना सांगतो, आणि ते म्हणतात एवढ्या वर्षांत परत कुठं झाला. हो, नाही झाला तसा मोठा. नवीन पोरांना धक्का आठवत नाही, म्हणून गावात परत नुसत्या चार भिंती आणि वर पत्रा, पत्र्यावर दगड ठेवलेले, अशी घरं उठायला लागलीत. खिडक्यांवरून सगळ्या घराला फिरणारी एक लिंटेलची पट्टी, दोन सळया आणि तीन इंच काँक्रीट, एवढीच गोष्ट आहे. ती तुकड्या-तुकड्यात, फक्त खिडकीवर टाकायची नाही, अख्ख्या घराला अखंड फिरवायची आणि कोपऱ्यात सळई वाकवून दुसऱ्या भिंतीत न्यायची. एकूण खर्चात ती कुठं दिसतसुद्धा नाही.

सध्या काम जोत्यापर्यंत आलंय. प्लिंथ बीमची, म्हणजे जोत्यावरच्या बीमची सळई बांधून झाली, पण तिला धरणाऱ्या रिंगांचे आकडे काटकोनात वाकवले होते, ते १३५ अंशात आत वळवायला सांगितलेत, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते आणि सळई बाहेर येते. बार बेंडिंगवाला उद्या येतो म्हणालाय. टँकर सांगून ठेवलाय, बीम ओतल्यावर दहा दिवस पाणी मारायचं आहे, सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं आहे त्यामुळं सात दिवसांवर भागत नाही. विटेची पहिली गाडी त्यानंतर.